एकही तबकडी गळता कामा नये

न्यूयॉर्कच्या मोझेस ॲश यांनी उतारवयात आपली ध्वनिमुद्रिकांची कंपनी योग्य हाती सोपवण्यासाठी शोधाशोध सुरू केली, तेव्हा त्यांची एक अट ठाम होती. १९४८ साली सुरू झालेल्या त्यांच्या ‘फोकवेज रेकॉर्ड्स’ने तोवर २,१६८ ध्वनिमुद्रिका काढल्या होत्या. त्यांतली एकही बाजारातून उठवायची नाही, वर्षाकाठी एखादीच प्रत खपत असली तरी मागणाऱ्याला ती मिळालीच पाहिजे, अशी ती अट होती. बोलणी चालू असतानाच ऑक्टोबर १९८६ मध्ये ॲश वारले आणि पुढच्या वर्षी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने त्यांच्या कुटुंबीयांकडून सगळा संग्रह त्या अटीसकट घेतला. एखादे अक्षर कमी वापरले जाते म्हणून कोणी ते शब्दकोशातून काढून टाकत नाही, अशा अर्थाचे ॲश यांचे एक म्हणणे त्यांच्याविषयी लिहिणारा प्रत्येक जण सांगतो.

अट ऐकायला फार रम्य आहे. ती पाळायची तर रोज सकाळी कोणाला तरी काय काय करावे लागते, हे मला तिथे उमेदवारी केली तेव्हा कळले. मी मूळची चंद्रपूरची. मेरीलँड विद्यापीठाच्या कॉलेज पार्क येथील विभागात ग्रंथालय आणि अभिलेखशास्त्राचे शिक्षण घेत असताना एका उन्हाळ्यात मी ‘स्मिथसोनियन फोकवेज’मध्ये इंटर्न होते. त्यानंतर मी अन्यत्र नोकऱ्या केल्या, काही इंटर्न माझ्या हाताखालीही येऊन गेले. पण दफ्तर सांभाळणे म्हणजे नेमके काय, याविषयीची माझी बहुतेक मते त्या उन्हाळ्यात तयार झाली. त्यांतली काही मते संस्थांना सोयीची नाहीत, तीही इथे मांडणार आहे.

आधी जागेविषयी थोडे. स्मिथसोनियन ही एक इमारत नव्हे. जेम्स स्मिथसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने, ज्याने अमेरिकेत कधी पाऊलही ठेवले नव्हते, मागे ठेवलेल्या संपत्तीतून १८४६ साली उभी राहिलेली ती संस्था आहे. तिची आज एकवीस संग्रहालये आहेत, शिवाय एक प्राणिसंग्रहालय. फोकवेज यांपैकी कोणत्याही संग्रहालयाच्या दालनात नाही. ते संस्थेच्या लोकजीवन आणि सांस्कृतिक वारसा केंद्राचा भाग आहे आणि त्याचा पत्ता लान्फाँ प्लाझा या मेट्रो स्थानकाजवळच्या एका साध्या कार्यालयीन इमारतीतला आहे. तिथून चालत दहा मिनिटांत एअर अँड स्पेस म्युझियम येते. त्याच्या दाराशी पर्यटकांची रांग असते. आमच्या मजल्यावर कुरिअरवाल्याशिवाय सहसा कोणी फिरकत नसे. संस्थेच्या एकूण खर्चाचा मोठा हिस्सा केंद्र सरकारकडून येतो, पण या रेकॉर्ड कंपनीला मात्र आपला खर्च मुख्यतः विक्री, ध्वनिमुद्रणे वापरू देण्याचे परवाने आणि अनुदाने यांतून भागवावा लागतो. नफा कमवायचा नाही आणि तोट्यातही जायचे नाही. त्यात डोक्यावर ती अट.

इंटर्न म्हणून तिथे येणाऱ्या मुलांची कामे निरनिराळी असतात: कोणी प्रसिद्धीकडे, कोणी शाळांसाठी पाठ तयार करणाऱ्या शिक्षण विभागात, कोणी ध्वनिमुद्रणाच्या संपादनाकडे, कोणी परवान्यांच्या पत्रव्यवहारात. मी राल्फ रिंझलर यांच्या नावाच्या अभिलेखागारात होते. रिंझलर हे लोकसंगीताचे जाणकार आणि वादक. फोकवेज स्मिथसोनियनकडे यावे यासाठी सर्वांत जास्त खटपट त्यांनी केली. चंद्रपूरच्या माझ्या मैत्रिणींना वाटे की मी दिवसभर कानाला हेडफोन लावून जगभरची गाणी ऐकत असणार. प्रत्यक्षात माझा बराचसा वेळ वाचण्यात आणि टंकण्यात जाई. गाणे ऐकायचे ते नोंद बरोबर आहे ना हे ताडून पाहण्यासाठी.

फोकवेजची जुनी तबकडी हातात घेतली की पहिल्यांदा जाणवते ते तिचे वजन, आणि ते मुख्यतः वेष्टनाचे असते. इतर कंपन्या चकचकीत पातळ वेष्टने वापरत त्या काळात ॲश यांनी जाड, खरखरीत, काळ्या पुठ्ठ्याचे वेष्टन घेतले आणि त्यावर छापील कागद चिकटवला, तोही पुष्कळदा पुढची पूर्ण बाजू न झाकणारा, एका कडेचा काळा पुठ्ठा उघडा ठेवून मागच्या बाजूला वळवलेला. कागदावर एकदोन रंग, क्वचित एखादे छायाचित्र. रोनाल्ड क्लाइन या आरेखनकाराने अशी पाचशेहून अधिक मुखपृष्ठे केली आणि तो काटकसरीचा मामला आज कलाशाळांत दाखवला जातो. आतल्या बाजूला मधोमध एक पडदी असते, म्हणजे एका कप्प्यात तबकडी आणि दुसऱ्यात पुस्तिका, ज्यामुळे पुस्तिकेच्या पिना तबकडीवर चरे पाडत नाहीत. त्या पुस्तिकेत गाणे कुठे, कोणी, कोणत्या प्रसंगी म्हटले, शब्द काय, वाद्ये कोणती, हे सारे असते. काही पुस्तिका टंकलेखन यंत्रावर उतरवून तशाच्या तशा छापलेल्या आहेत, खाडाखोडीसह. ॲश यांचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे ग्रंथालये आणि शाळा, त्यामुळे ही पुस्तिका त्यांच्या धंद्याचा कणा होती.

या पुस्तिका आता संकेतस्थळावर कोणालाही फुकट उतरवून घेता येतात. पुस्तिका तिथे जायची तर ती सपाट करून स्कॅन करायची, पान तिरपे आले तर पुन्हा करायची, मग यंत्राने ओळखलेली अक्षरे मूळ पानाशी ताडून दुरुस्त करायची. यंत्राला इंग्रजी बरे वाचता येते; त्या पुस्तिकांत मात्र योरुबा, नवाहो, यिडिश, बंगाली, हैतीची क्रिओल अशा भाषांतले शब्द रोमन लिपीत, प्रत्येक संशोधकाने आपापल्या पद्धतीने चिन्हे देऊन लिहिलेले असतात आणि तिथे यंत्र हात टेकते. अशा वेळी इंटर्नचे डोळे कामी येतात. कंटाळवाणे काम आहे, हे कबूल करायला हवे. पण गाणे शोधणाऱ्याला ते नावाने सापडते की नाही, हे नेमके याच कामावर ठरते.

यादीत काय काय आहे हे सांगायला बसले तर लेख त्यातच संपेल. वुडी गथ्री, लेड बेली, पीट सीगर या अमेरिकन लोकगायकांची नावे ठाऊक असणाऱ्यांना ठाऊक आहेत. त्यांच्या शेजारी उत्तर अमेरिकेतल्या बेडकांच्या आवाजांची १९५८ची ध्वनिमुद्रिका आहे, जिच्यात चार्ल्स बोगर्ट नावाचे प्राणिशास्त्रज्ञ प्रत्येक बेडकाची रीतसर ओळख करून देतात. एका कार्यालयातल्या यंत्रांचे आवाज आहेत, भंगारवाड्याचे आवाज आहेत, स्वरयंत्र काढून टाकल्यावर माणसे पुन्हा कशी बोलायला शिकतात याची तबकडी आहे. वॉटरगेट प्रकरणाच्या सुनावण्या आहेत. बेडकांची रेकॉर्ड लोक विनोद म्हणून घेतात असे मला आधी वाटे. मग त्या पाणथळ जागांचे पुढे काय झाले असेल असा विचार आला आणि ती गंभीरपणे ऐकली. असल्या यादीचा हिशेब कसा जमतो, याचे उत्तर एला जेन्किन्स यांच्यासारख्या कलावंतांत आहे. शिकागोच्या या बाईंनी लहान मुलांसाठी केलेली गाणी अमेरिकेतल्या बालवाड्यांत पिढ्यान्पिढ्या वाजली. १९६६च्या त्यांच्या एका ध्वनिमुद्रिकेचा समावेश लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदणीत झाला आहे. चालणाऱ्या तबकडीने न चालणारीला पोसायचे, इतका तो सरळ व्यवहार आहे. न चालणाऱ्या तबकड्यांसाठी आधी कॅसेट आणि मग सीडी मागणीनुसार एकेक काढून देण्याची सोय केली गेली: ऑर्डर आली की तबकडीची एक प्रत तयार करायची, पुस्तिका छापायची, खोक्यात घालायची आणि पाठवायची. डाउनलोड आणि स्ट्रीमिंग आल्यावर ती अट पाळणे सोपे झाले, असे बाहेरून वाटते. साठा ठेवण्याचा प्रश्न सुटला हे खरे; पण कोट्यवधी गाण्यांच्या ढिगाऱ्यात जे शोधून सापडत नाही ते उपलब्ध आहे असे म्हणण्यात फारसा अर्थ नाही, आणि म्हणून नोंदीचे काम उलट वाढले.

ॲश यांना संत ठरवायचीही गरज नाही. त्यांच्या आधीच्या दोन कंपन्या बुडाल्या होत्या, पैशाची सदैव चणचण असे आणि मानधनाच्या बाबतीत कलावंतांच्या त्यांच्याविषयी तक्रारी होत्या. हॅरी स्मिथ यांनी संकलित केलेला अमेरिकन लोकसंगीताचा ८४ गाण्यांचा १९५२चा गाजलेला संच तर मूळ कंपन्यांचे हक्क रीतसर न घेताच बाजारात आला होता. १९९७ साली स्मिथसोनियनने तो सीडीवर पुन्हा काढला तेव्हा परवान्यांची सगळी भानगड निस्तरावी लागली. आमच्यातला एक इंटर्न परवान्यांच्या टेबलावर होता. पन्नास-साठ वर्षांपूर्वी मुद्रित केलेल्या गायकाचा वारस कोण, तो हयात आहे का, त्याचा पत्ता काय, याचा माग काढणे हे त्याचे काम होते. तबकडी जिवंत ठेवायची तर तिचे देणेही जिवंत राहते.

मूळ तबकड्यांच्या खोलीत मला मोजकेच काम होते, पण तिथले एक दृश्य डोळ्यांसमोर आहे. चुंबकीय फीत सर्रास वापरात येण्यापूर्वी मुद्रण थेट लाखेसारख्या लेपाच्या तबकडीवर कोरले जाई. लेपाखाली ॲल्युमिनियमचा पत्रा असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ॲल्युमिनियम विमानांकडे गेले आणि काचेच्या तबकड्या वापरात आल्या, ज्या हातातून निसटल्या की संपल्या. कालांतराने लेपातले तेलकट घटक वर येतात आणि लोणच्यावर बुरशी धरावी तसा पांढुरका थर तबकडीवर साचतो. तो नीट स्वच्छ केल्याशिवाय सुई ठेवायची नाही, आणि लेपच सुटू लागला असेल तर स्वच्छताही जपून करायची. तबकडी एकदाच वाजवता येईल असे गृहीत धरून ती डिजिटल स्वरूपात उतरवून घ्यायची. इंटर्नला तिला हात लावू देत नसत. मी शेजारी बसून खोक्यावर पेन्सिलीने लिहिलेले उतरवून घेत असे.

तबकडी डिजिटल स्वरूपात उतरवताना ती पूर्ण ऐकायची, हा तिथला दंडक होता आणि त्यामागे एक खरी घटना आहे. एप्रिल १९४४ मध्ये व्यापारी जहाजांवर खलाशी असलेला वुडी गथ्री दोन सफरींच्या मध्ये न्यूयॉर्कला आला आणि सिस्को ह्यूस्टनसारख्या सोबत्यांना घेऊन ॲश यांच्या लहानशा स्टुडिओत त्याने काही दिवसांत शेकड्याच्या वर गाणी ध्वनिमुद्रित केली. अमेरिकेतल्या शाळाशाळांतून म्हटले जाणारे ‘धिस लँड इज युअर लँड’ हे गाणेही तेव्हाच मुद्रित झाले. देश सर्वांचा आहे असे सांगणारे, प्रार्थनेसारखे म्हटले जाणारे गाणे. त्यात मुळात एक कडवे असे होते की वाटेत खासगी मालमत्तेची पाटी दिसते आणि पाटीच्या मागच्या बाजूला मात्र काहीच लिहिलेले नसते. बाजारात आलेल्या तबकडीवर हे कडवे नव्हते आणि ते कधी ध्वनिमुद्रित झाले होते याची कोणाला कल्पनाही नव्हती. १९९०च्या दशकात अभिलेखपाल जेफ प्लेस जुन्या मूळ तबकड्या डिजिटल करत असताना त्यांच्या कानावर ते आले. पन्नासेक वर्षे ते शाबूत होते, थंड खोलीत जपून ठेवलेले होते, आणि तरीही कोणाच्या लेखी नव्हते, कारण तबकडीवरच्या नोंदीत गाण्याचे फक्त नाव होते.

माझ्या वाट्याला आलेल्या कामात एक दिवस १९८३ सालची एक ध्वनिमुद्रिका आली. शीर्षक इंग्रजीत होते: भारतातील आदिवासी संगीत, मध्य प्रदेशातील मुरिया आणि मारिया गोंड. रॉडरिक नाइट या अमेरिकन संगीत-अभ्यासकाने बस्तरमध्ये केलेले ते मुद्रण. वडिलांची शिक्षक म्हणून अहेरीला बदली झाली होती, त्यामुळे माझ्या बालपणातली काही वर्षे त्या भागात गेली. बस्तर आमच्या पलीकडचे; मध्ये इंद्रावती. अलीकडच्या काठावर भामरागडला राहतात ते माडिया आणि पलीकडच्या काठावर राहतात ते मारिया, अशी विभागणी कागदावर आहे, नात्यागोत्यात नाही. सोयरिकी दोन्ही काठांवर होतात, बाजारालाही लोक इकडून तिकडे जातात. मी हेडफोन लावले आणि ढोलांची पहिली आवर्तने ऐकल्यावर नोंद तपासायची सोडून नुसती ऐकत बसले. रात्री आश्रमशाळेच्या मागून येणारा, झोप न येऊ देणारा आवाज असा लान्फाँ प्लाझाजवळच्या त्या कार्यालयात कामाच्या आठव्या-नवव्या तासाला कानावर पडेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हते.

त्यानंतर मात्र काम सुरू झाले आणि ते फार रंजक निघाले. तबकडी १९८३ची. तिच्या आदल्या वर्षी, २६ ऑगस्ट १९८२ रोजी, आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला होता. १ नोव्हेंबर २००० रोजी बस्तर मध्य प्रदेशातून निघून नव्या छत्तीसगढात गेले. पुढे बस्तरचेही तुकडे होऊन आणखी जिल्हे झाले. म्हणजे शीर्षकातले ‘मध्य प्रदेश’ छापले तेव्हा बरोबर होते आणि आज कोणी नकाशात शोधले तर चुकीचे आहे. छापील शीर्षक बदलायचे नाही, हे अभिलेखशास्त्रात पहिल्या सत्रातच शिकवतात. ते त्या काळाचे दस्तऐवज आहे. पण नोंदीत आणखी काय जोडायचे, याला मर्यादा नाही. मी एक टिपण तयार केले: राज्य आज छत्तीसगढ, प्रदेश बस्तर, नदीच्या अलीकडे महाराष्ट्रातही हाच समाज आहे, तिथे तो स्वतःला माडिया म्हणवतो, शोधणारा भामरागडचा असेल तर तो बहुधा हाच शब्द टाइप करील. माझ्या वरिष्ठांनी ते वाचून एकच विचारले, की हे कशावरून. मी मानववंशशास्त्रज्ञ वेरिअर एल्विनच्या ग्रंथापासून जनगणनेच्या पुस्तिकांपर्यंत जे ग्रंथालयात सापडले ते पुढे ठेवले. ‘मी तिथे राहिले आहे’ हे कारण पुरेसे नव्हते, आणि नसावेच. पण शंका घ्यायला ते पुरेसे होते. तिथे न राहिलेल्या माणसाला ‘मध्य प्रदेश’ हा शब्द खटकला असता असे मला वाटत नाही. टिपण निघाले ते त्या खटकण्यातून. त्यानंतरची शोधाशोध कोणीही केली असती.

जुन्या क्षेत्रीय ध्वनिमुद्रणांत याहून मोठी उणीव दिसते ती नावांची. पन्नाशीच्या दशकातल्या कितीतरी पुस्तिकांत मुद्रण करणाऱ्याचे नाव ठळक असते आणि गाणारा असतो ‘गावातला एक वृद्ध’ किंवा ‘बायकांचा समूह’. तो त्या काळाचा रिवाज होता. आता ती नावे शोधायची तर गावात जाऊन रेकॉर्ड ऐकवावी लागते आणि आवाज ओळखणारे कोणी उरले आहे का हे पाहावे लागते; हे काम वॉशिंग्टनमध्ये बसून होणारे नाही. स्मिथसोनियनने २००५ साली ‘ग्लोबल साउंड’ हा ऑनलाइन उपक्रम सुरू केला तेव्हा भारतातून अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे संगीत-अभिलेखागार त्यात सहभागी झाले होते. १९८२ साली स्थापन झालेले हे अभिलेखागार आज गुरगावला आहे, पण त्याची सुरुवात पुण्यात झाली, हे पुण्यातल्या संगीतप्रेमींनाही फारसे माहीत नसते. परदेशी संशोधक आपापल्या विद्यापीठात घेऊन गेलेली भारतातली ध्वनिमुद्रणे प्रतींच्या रूपाने परत भारतात आणणे हा त्याच्या स्थापनेमागचा एक हेतू होता.

आता पैशाविषयी, कारण इंटर्नशिपवर लिहून पैशाविषयी न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. अमेरिकेतल्या संग्रहालयांत आणि ना-नफा संस्थांत बिनपगारी इंटर्नशिप ही जुनी प्रथा आहे. कायदाही तिला बराच वाव देतो. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांबाबत २०१८ साली अमेरिकेच्या श्रम खात्याने एक कसोटी स्वीकारली, जिच्यात मुख्य लाभ कोणाचा, इंटर्नचा की मालकाचा, हे सात निकषांवर तपासले जाते. ती न्यायालयातल्या एका खटल्यातून आली, जो एका चित्रपटाच्या निर्मितीत फुकट राबलेल्या तरुणांनी केला होता. सार्वजनिक आणि धर्मादाय संस्थांत मात्र स्वेच्छेने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता केलेली बिनपगारी उमेदवारी सर्वसाधारणपणे चालते. विद्यार्थ्याला त्याबद्दल विद्यापीठाकडून श्रेयांक मिळतात, आणि गंमत अशी की त्या श्रेयांकांची फी विद्यार्थ्यालाच भरावी लागते. म्हणजे काम करण्यासाठी पैसे भरणे. विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला तर श्रेयांकांशी जोडल्याखेरीज अशी परवानगी मिळणेच अवघड. वॉशिंग्टनमध्ये एका खोलीचे भाडे किती, हे तिथे राहिलेल्याने सांगायला नको. माझे भागले, कारण विद्यापीठाच्या ग्रंथालयात संध्याकाळची नोकरी होती आणि आम्ही चौघीजणी एका घरात राहत होतो, त्यांपैकी एकीचा डाळभाताचा हात चांगला होता.

परिस्थिती थोडी बदलते आहे. उत्तर अमेरिकेतल्या कलासंग्रहालयांच्या संचालकांच्या संघटनेने २०१९ साली ठराव करून आपल्या सभासदांना सांगितले की इंटर्नना मोबदला द्यावा. अनेक ठिकाणी विद्यावेतने सुरू झाली आहेत. या बदलाचे समर्थन सहसा न्यायाच्या भाषेत केले जाते आणि ते रास्तच आहे. मला मात्र त्यात कामाच्या दर्जाचा मुद्दा अधिक दिसतो. जिथे अटच अशी आहे की जगातल्या कोणत्याही कोपऱ्यातली, कोणत्याही भाषेतली तबकडी सापडण्याजोगी ठेवायची, तिथे नोंदी तपासणारे डोळे निरनिराळ्या गावांतून आलेले असणे ही कामाची गरज आहे. ज्यांच्या आईवडिलांना तीन महिन्यांचे भाडे परवडते अशीच मुले आली तर ती हुशार असतील, मेहनती असतील, पण त्यांच्यापैकी कोणालाही ‘मध्य प्रदेश’ खटकणार नाही. आणि हे काम कायमस्वरूपी कर्मचारी करतील म्हणावे तर ते संख्येने इतके थोडे असतात की इंटर्न नसतील तर पुस्तिका खोक्यातच राहतील. मी हाताखाली इंटर्न घेऊ लागल्यापासून एक नियम केला आहे: विद्यावेतनाची सोय नसेल त्या वर्षी जाहिरात काढायची नाही. त्यामुळे एकदोन वर्षे आमचे काम रखडले. रखडू दे, असे माझे मत आहे; सहकाऱ्यांचे तसे नाही.

महाराष्ट्रात अशी संस्था का नाही, हा प्रश्न मला प्रत्येक भारतभेटीत कोणी ना कोणी विचारते. संग्रहाची आच आपल्याकडे कमी नाही. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० साली मुंबईत स्थापन झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सोबत्यांनी जुन्या तबकड्यांविषयी जितके लिहून ठेवले आहे तितके पुष्कळ विद्यापीठांनी मिळून लिहिले नसेल. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या, लाखाच्या घरातल्या जात्यावरच्या ओव्या ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर क्रमाने येत गेल्या, आणि तिथे ओवी सांगणाऱ्या बाईचे नाव, गाव असते. फोकवेजच्या कित्येक जुन्या पुस्तिकांना जे जमले नाही ते इथे नीट जमले आहे. आपल्याकडे उणीव आहे ती त्या अटीची. जे एकदा प्रसिद्ध केले ते कायम उपलब्ध ठेवीन, असे वचन देऊन ते निभावणारी, विकणारी, हिशेब ठेवणारी, वारसांना त्यांचा वाटा पोचवणारी व्यवस्था. संग्राहकाची तबकडी त्याच्या कपाटात असते, त्याच्या पश्चात तिचे काय होईल ते घरच्यांवर अवलंबून असते. व्यापारी कंपनीच्या ताब्यातली तबकडी खप संपला की यादीतून जाते. इंडोनेशियाच्या संगीताची वीस भागांची मालिका फोकवेजने नव्वदच्या दशकात तिथल्या अभ्यासकांना सोबत घेऊन, फिलिप याम्पोल्स्की यांच्या संपादनाखाली पुरी केली. वऱ्हाड, खानदेश, झाडीपट्टी, तळकोकण आणि गोवा यांची अशी मालिका करायची म्हटली तर कलावंत मिळतील, अभ्यासक मिळतील, मुद्रण करणारेही मिळतील. दहा वर्षांनी तिच्या पाचव्या भागाची एक प्रत मागणाऱ्याला ती पाठवून देणारा कारकून कोणाच्या पगारपत्रकावर असेल, हे ठरवूनच सुरुवात केली पाहिजे.

दर वर्षी पुण्या-मुंबईची किंवा अमेरिकेतल्याच विद्यापीठांत शिकणारी काही मराठी मुले मला पत्र लिहून अशा इंटर्नशिपविषयी विचारतात. अर्जात संगीताच्या आवडीविषयी दोन परिच्छेद लिहू नका, ते सगळेच लिहितात. यादीतली एखादी कमी ऐकलेली तबकडी निवडा, तिची पुस्तिका फुकट मिळते ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा, आणि तिच्यात काय अपुरे आहे, चुकले आहे किंवा आज बदलले आहे, ते पुराव्यासह एका पानात लिहून पाठवा. जर्मन, स्पॅनिश येत असेल तर सांगाच, पण अहिराणी, गोंडी, कातकरी किंवा कोंकणी येत असेल तर ते आधी सांगा. विद्यावेतन आहे का, हे न लाजता पहिल्याच पत्रात विचारा. आणि टंकलेखनाचा वेग वाढवा.